आधी आपल्या घरचे नाव

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘तरुणांनी समाजसेवेकडे का वळावे’ हा विषय चिटणीसबाईंनी मला दिला, तेव्हा मी मनातून ओशाळले. तरुण पुढे येत नाहीत ही तक्रार आपण दर सभेत करतो. परंतु त्यांना अडवते कोण, याची चौकशी आपण केलेली नाही. ती आज मी माझ्याच घरापासून करते.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीतल्या व्हाळावर श्रमदानाने कच्चा बंधारा घालायचे ठरले. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पण जमीन जांभ्याची आणि उतार समुद्राकडे, त्यामुळे पाणी ठरत नाही व वैशाखात विहिरीचा तळ दिसतो. म्हणून पाऊस सरल्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, तोंडे सुतळीने शिवायची आणि पोती व्हाळात थरावर थर रचायची. पाणी अडते, मुरते आणि जवळच्या विहिरींना त्याचा आधार होतो. काम साधे, पण हात पुष्कळ लागतात. ‘मुलांना पाठवा’ असे सांगत मी घरोघर फिरले. आणि माझीच मुलगी निघाली तेव्हा उंबऱ्यावर तिला अडवले. म्हटले, “तुझे बारावीचे वर्ष. चिखलात उभी राहून ताप आणशील.” ती म्हणाली, “आये, मगे लोकांच्या पोरांक ताप येना नाय?”

मला उत्तर सुचले नाही. ती गेली, आणि थोड्या वेळाने पदर खोचून मीही गेले.

हा धडा आपल्या जिल्ह्याला नवा नव्हे. कणकवलीला १९४८ साली गोपुरी आश्रम स्थापन करणारे अप्पासाहेब पटवर्धन आपणां सर्वांना ठाऊक आहेत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागून घेतले. उच्चवर्णीयाला ते देता येत नाही म्हणून अधिकाऱ्यांनी नाकारले, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले; त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास केला. पुढे गोपुरीत त्यांनी मैल्याचे खत करणारे संडास लोकांपुढे ठेवले. २०१६ साली आपला जिल्हा राज्यात प्रथम हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झाला, तेव्हा मला त्यांचीच आठवण झाली. त्यांनी झाडू आधी स्वतः धरला, मग इतरांना सांगितले. आपण मात्र आधी सांगतो, आणि तेही शेजारणीच्या मुलाला.

आपली दुसरी चूक याहून बारीक आहे. मुले आली तर आपण त्यांना काम काय देतो? सतरंज्या घालणे, खुर्च्या उचलणे, पाहुण्यांना चहा नेणे. ठरवायला आपण आणि ओझ्याला ती! मग ती पुन्हा का येतील? गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या शिबिरातली मुले गावात सात दिवस राहतात, आपला स्वयंपाक आपण करतात आणि हाती घेतलेले काम पुरे करून जातात. पुरे काम सोपवले की जबाबदारी आपोआप येते.

कोणी म्हणतील, मुले शेवटी मुंबईलाच जाणार. जातील, पोटासाठी जावेच लागते. पण ज्याने पोती हातोहात पुढे दिली, तो चतुर्थीला आला की देवाला नमस्कार करून व्हाळाकडे फेरी मारतोच. ज्याने इथे काहीच केले नाही, त्याला विचारायला काय उरते? चतुर्थीनंतर कुलपे लागणारी घरे आपल्या डोळ्यांसमोर आहेत.

म्हणून माझे मागणे दोनच गोष्टींचे. यंदा दिवाळीनंतरच्या बंधाऱ्यासाठी प्रत्येकीने आधी आपल्या घरचे नाव द्यावे; आणि कामाची आखणी व पैशांचा हिशेब मुलांच्या हाती सोपवावा. ती चुकतील, आपणही चुकतच शिकलो.

वही समोर ठेवली आहे. माझी मुलगी आता कुडाळला नोकरी करते, पण रविवारी येते म्हणाली आहे. तिचे नाव मी पहिल्या ओळीत लिहिले आहे आणि त्याखाली माझे. पुढच्या ओळी आपल्यासाठी मोकळ्या आहेत.