सोबतीण

अंगणवाडीत दोघीजणी काम करतात. एका प्रशिक्षणात मी विचारलं, "तुम्ही एकमेकींना काय म्हणता?" एक म्हणाली, "ही माझी मदतनीस." दुसरी म्हणाली, "या आमच्या बाई." 'आम्ही दोघी' असं कुणीच म्हणालं नाही. मीही त्यातलीच. सेविकेला 'अहो ताई' आणि दुसरीला 'अगं मावशी, जरा चहा टाक' असंच म्हणत आले होते.

१९७५ साली सुरू झालेल्या या योजनेत काम करणारी 'सेविका' असते आणि तिला मिळतं ते 'मानधन'. सेवेचा मोबदला मागायचा नसतो; मदतीचा तर नाहीच नाही. हक्क बुडायला सुरुवात होते ती अशी शब्दातच. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघींनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. न्यायालयाने दोघींना एकत्र धरलं. आपण बोलताना कधी धरणार?

'सहकारी' हा शब्द कागदावरचा वाटतो. पण शेतावर, पाण्याला, बाजाराला बरोबर जाणारीला आपल्या बायका 'सोबतीण' म्हणतात. तोच शब्द कामावर आणू या. आणि नुसता शब्द नको. आमच्या बैठकीत आता चहा आळीपाळीने होतो. परवा माझी पाळी होती.