दंपतींचें एकांतांतील मौन

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या विवाहितांच्या मेळाव्यांत एका सेवानिवृत्त डॉक्टरांनीं केलेलें भाषण)



या शुभप्रसंगीं विवाहित जोडप्यांपुढें चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. देवळाच्या आवारांत ज्या गोष्टीविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं, तोच विषय मीं घेतला आहे: पतिपत्नींची शय्या, त्यांची निद्रा, आणि या दोहोंविषयीं त्यांनीं एकमेकांशीं करावयाचें बोलणें. विषय नाजूक खरा. परंतु ज्या शय्येस विवाहसंस्कारानें पावित्र्य आलें, तिच्याविषयीं सभ्य शब्दांत बोलण्याची लाज आपण कां बाळगावी?

जागेपणीं मनुष्य आपल्या वर्तनाचा स्वतः साक्षी असतो. झोपेंत तसें नसतें. तो घोरतो, बरळतो, हातपाय झाडतो, आणि सकाळीं त्यास यांतील कांहींहि ठाऊक नसतें. साक्षी काय ती एकच, शेजारीं निजलेली व्यक्ति. शरीरसंबंधाचेंहि पुष्कळसें असेंच आहे. आपलें वागणें जोडीदारास सुखाचें झालें कीं क्लेशाचें, हें त्यानें सांगितल्यावांचून कळत नाहीं. जें आपणांस आपलें आपण कळणें अशक्य, तें सांगण्याचें काम देवानें जोडीदारावर सोंपविलें आहे. म्हणून या बाबतींतलें मौन हा पुष्कळदां विनय नसतो. तें जोडीदाराचें देणें थकविणें असतें.

लोकांस उपदेश करण्यापूर्वीं घरची गोष्ट सांगतों. पत्नीची परवानगी घेऊनच सांगत आहें. ती समोरच बसली आहे.

छत्तीस वर्षें मीं रोग्यांच्या नाड्या पाहिल्या, पण माझ्या स्वतःच्या रात्रींची वार्ता मला नव्हती. माझी पन्नाशी उलटल्यावर एके दिवशीं हिनें आपलें अंथरूण मुलींच्या खोलींत नेलें. कारण विचारलें तर म्हणाली, "तिकडे वारा बरा येतो." मी समजलों, हिला आतां माझा स्पर्श नकोसा झाला. मी मानी मनुष्य. पुन्हां विचारलें नाहीं. तिकडे ती समजली, मीं तिला परत बोलाविलें नाहीं त्या अर्थी माझें मन तिच्यावरून उडालें. अशीं सहा वर्षें गेलीं. भांडण नव्हतें, रोजची जपमाळ एकत्र होत होती, आणि तरी एका छपराखालीं आम्हीं दोघें एकाकी होतों.

एका संध्याकाळीं वाडींत केळींना पाणी सोडतांना ती एकाएकीं म्हणाली, "अहो, झोपेंत तुमचा श्वास थांबतो. मी आंकडे मोजतें. कधीं पंधरा होतात, कधीं वीस. मग तुम्हीं गुदमरून हुंदका देतां. भीतीनें माझा डोळा लागेना. सांगितलें तर तुम्हांस अपमान वाटेल, म्हणून बाहेर निजूं लागलें. पण अजूनहि रात्रींतून दोनदां दाराशीं येऊन ऐकतें."

जी मला टाळते असें मी समजत होतों, ती सहा वर्षें माझे श्वास मोजीत होती!

या विकारास स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेंत घशाची वाट मिटते व श्वास दहा सेकंद किंवा त्याहूनहि अधिक काळ अडतो. तीव्र विकारांत हें तासाला तीस वेळां किंवा त्याहून अधिक घडतें. रक्तदाब वाढतो, दिवसा गुंगी येते, आणि कामेच्छाहि मंदावूं शकते. रात्रभर झोपेची तपासणी केली म्हणजे निदान होतें. नाकावाटे सौम्य दाबाची हवा देण्याचा उपाय ऑस्ट्रेलियांतील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केला. आज मीहि तोच मुखवटा लावून निजतों. त्या वर्षीं हिचें अंथरूण परत आलें.

याहून नाजूक गोष्ट सांगतों. असाहि एक विकार आहे कीं, ज्यांत मनुष्य गाढ झोपेंतच जोडीदारास कवटाळतो, संगाची चेष्टा करतो, आणि सकाळीं त्यास त्याची आठवण नसते. २००३ सालीं त्यास सेक्सॉम्निया हें नांव मिळालें. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या विकारसूचींतहि त्याचा उल्लेख आहे. अपुरी झोप, मद्यपान, किंवा श्वास अडण्याचा वर सांगितलेला विकार यांनीं तो बळावूं शकतो, आणि त्यावर उपचार होऊं शकतात. पत्नीस वाटतें, हा जाणूनबुजून बळजोरी करतो. पतीस कळत नाहीं, ही आज अबोल कां. ही गांठ शब्दांवांचून सुटणार कशी? मात्र झोपेचें निमित्त सांगून जागेपणींच्या बळजोरीवर कोणीं पांघरूण घालूं नये. जोडीदाराची स्थिति व रास्त इच्छा न पाहतां लादलेला संग हें खरें प्रेमकृत्य नव्हे, असें पोप सहावे पौल यांनीं १९६८ च्या 'हुमाने वीते' या परिपत्रकांत स्पष्ट सांगितलें आहे. आणि ज्यास एकदां ही गोष्ट कळली, त्यानें उपचार घेणें हें त्याचें कर्तव्य. तोंवर निराळ्या अंथरुणावर निजणें यांत अपमान नाहीं, प्रेमच आहे.

संत पौलानेंहि करिंथकरांस लिहितांना पतिपत्नींनीं एकमेकांपासून दूर राहावें तें परस्परांच्या संमतीनें व कांहीं काळच, असें सांगितलें. संमति म्हटली कीं बोलणें आलेंच. मुक्यानें संमति होत नाहीं.

तर बोलावें कसें? अंथरुणावर नको, रागाच्या भरांत नको, मुलांदेखत तर नकोच. आमच्या लहानपणीं वसईकडील घरांत दहा माणसें एका माजघरांत निजत. नव्या जोडप्यास कुजबुजण्यासहि जागा नसे. ती अडचण आज पुष्कळ घरांत उरली नाहीं, पण कुलूप मात्र जिभेला राहिलें. दिवसाउजेडीं, वाडींत किंवा वाटेनें चालतां चालतां विषय काढावा. "तुम्हीं नेहमींच असें करतां" असें न म्हणतां, "मला असें दिसलें, मला असें वाटतें" असें म्हणावें. ऐकणारानें लगेच उत्तर देऊं नये. आधीं आभार मानावे. आणि एकांतांतलें हें बोलणें सासूच्या, जावेच्या किंवा मित्रांच्या कानीं घालूं नये, भांडणांत शस्त्र म्हणून काढूं नये. डॉक्टरकडे जावयाचें तर दोघांनीं मिळून जावें.

पवित्र ग्रंथांतील तोबिया व सारा यांनीं लग्नाच्या रात्रीं निजण्यापूर्वीं एकत्र प्रार्थना केली. त्या रात्रीं त्यांच्या खोलींत मृत्यूचें भय होतें, आणि त्या भयास तीं दोघें मिळून सामोरीं गेलीं. आपल्याहि खोल्यांतून लहानमोठीं भयें असतात. आज रात्रीं प्रार्थना झाल्यावर प्रत्येकानें जोडीदारास एवढेंच विचारावें: "मला ठाऊक नाहीं, पण तुला ठाऊक आहे, असें माझ्याविषयीं कांहीं आहे काय?" उत्तर उद्यां, दिवसाउजेडीं ऐकावें.

इतकें बोलून आपली रजा घेतों. परमेश्वर आपणां सर्वांच्या घरांस शांति देवो.