गोष्ट शिळी होत नाही, सांगणं शिळं होतं

जेवणं उरकली असतील. भांडी राहिली असतील तर घासता घासता ऐका, काही बिघडत नाही. मी तुमची बचत गटाची सहयोगिनी. दर वेळी मी कर्ज, व्याज आणि हळदीच्या भावावर बोलते. आज सिनेमावर बोलणार आहे. हसू नका, शेवटी गाडी गटावरच येणार आहे.

२०२२ च्या मार्चमध्ये, महिला दिनाच्या निमित्तानं, आमच्या गटातल्या चौदा जणी वसमतहून नांदेडला ‘पावनखिंड’ बघायला गेलो. त्यातल्या सहा जणी पहिल्यांदाच थिएटरात बसल्या होत्या. विशाळगडावरून तोफेचा आवाज येईपर्यंत बाजीप्रभू खिंड सोडत नाहीत, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. तरी सगळ्यांचे पदर डोळ्याला लागले. येताना गाडीत कोणी झोपलं नाही. महाराजांचा वेश घालून पालखीत बसलेल्या शिवा काशीदाचीच चर्चा. आमची एक मावशी म्हणाली, “त्याच्या माईला ही बातमी कोणी सांगितली असंल गं?” सगळी गाडी गप्प झाली.

हा सिनेमा एकटा नव्हता. दिग्दर्शक दिग्पाल लांजेकर यांनी शिवकाळावर आठ चित्रपटांचा संकल्प सोडला, त्याला ‘श्री शिवराज अष्टक’ असं नाव दिलं. २०१८ ला ‘फर्जंद’ आला, २०१९ ला ‘फत्तेशिकस्त’, २०२२ च्या फेब्रुवारीत ‘पावनखिंड’. त्यानंतर दोनच महिन्यांत, एप्रिलमध्ये ‘शेर शिवराज’. २०२३ ला ‘सुभेदार’ आणि २०२४ ला ‘शिवरायांचा छावा’.

‘सुभेदार’च्या वेळी मी पुन्हा गाडी ठरवायला निघाले, तर पाचच जणी तयार झाल्या. गाडीचं भाडं परवडेना, तरी गेलो. तीच मावशी माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच सांगायला लागली, “आता ओवाळतील बघ. आता गाणं लागंल. आता तलवार हळूहळू फिरंल.” ती म्हणेल तसंच पडद्यावर होत गेलं. आधी मला हसू आलं, मग वाईट वाटलं. तानाजी मालुसऱ्यांचं मरण बघताना मावशीचे डोळे कोरडे राहिले. तानाजींचा त्याग काही कमी झाला नव्हता. बाजीप्रभू झालेले अजय पूरकरच इथं तानाजी झाले होते, त्यांनी कामही जीव ओतून केलं होतं. पण पुढचं पाऊल कुठं पडणार हे आधीच कळत असलं की काळजात धस्स होत नाही.

त्यात भर म्हणजे त्याच गोष्टी दुसरेही सांगत होते. तानाजींवर २०२० च्या जानेवारीत हिंदी ‘तान्हाजी’ येऊन गेला होता. बाजीप्रभूंवर २०२२ च्या दिवाळीत ‘हर हर महादेव’ आला. संभाजी महाराजांवर २०२४ ला मराठी आणि २०२५ ला हिंदी ‘छावा’. चुलीवर रोज तेच पिठलं टाकलं, तर लेकरं ताटाकडं न बघताच जेवतात. तसंच हे.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. तिकडं परदेशात समुद्री चाच्यांच्या सिनेमांची मालिका निघाली, ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’. माझा मुलगा हिंदीत बघतो. २००३ ला पहिला आला तेव्हा तो झोकांड्या खाणारा कॅप्टन जॅक स्पॅरो बघून सगळं जग हसलं. २०१७ पर्यंत पाच सिनेमे निघाले. तीच चाल, तेच शाप, तीच जहाजं. शेवटच्या वेळी मुलगाच म्हणाला, “आई, ह्याला आता दुसरं काही येत नाही का?”

मग मला प्रश्न पडला. आपल्या नर्सीच्या नामदेव महाराजांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं, ही गोष्ट आपण किती वेळा ऐकली? मोजता येणार नाही. तरी चांगला कीर्तनकार उभा राहिला की आपण पुन्हा मांडी घालून बसतो. का? कारण तो समोरच्यांची तोंडं बघून सांगतो. दुष्काळ असला तर दुष्काळाचं सांगतो, गावात भाऊबंदकी पेटली असली तर तिथं बोट ठेवतो. गोष्ट जुनी, पण प्रश्न आजचा.

महाराजांच्या गोष्टी संपल्या म्हणावं, तर तसंही नाही. महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या माणसांना लिहिलेलं एक पत्र आहे. वैरण जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरचं धान्य, भाकरी, भाजी ओढून आणाल, आणि लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा पेटता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गंजी पेटेल, इतकं बारीक त्या पत्रात आहे. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा मावशी पुढं सरकून बसली. “ह्ये तर आपल्या घरातलंच हाय की! ह्याचा का नाही करत शिनिमा?” आणि आमच्या गटातली अकरावीतली पोर म्हणाली, “ताई, सिनेमात बायका ओवाळायलाच का असतात? राजाराम महाराज १७०० ला गेल्यावर औरंगजेबाशी सात वर्षं ताराबाई लढल्या ना?” मला तिचा अभिमान वाटला. पोरगी इतिहासाला कंटाळली नव्हती, त्याच त्या चौकटीला कंटाळली होती.

आता गाडी गटावर आणते. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मीही तेच करते. दर बैठकीत तेच सांगते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, चोख हिशेब. मी ‘नियमित’ म्हणायच्या आत तुम्ही ‘बचत’ म्हणता आणि खाली बघून वाती वळता. त्या पाच गोष्टी खोट्या नाहीत, पण माझं सांगणं शिळं झालंय. मागच्या महिन्यात एका बाईचे तीन हप्ते थकले. मी सूत्र म्हणून दाखवलं आणि पुढच्या गावाला गेले. तिच्या घरी नवरा दोन महिने अंथरुणाला खिळलाय, हे मला नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं. मी तिच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं.

म्हणून मी ठरवलंय, बैठकीची सुरुवात आता सूत्रानं करायची नाही. आधी विचारायचं, या महिन्यात कोणाच्या घरी काय झालं? मग त्याला धरून हिशेब.

आणि तुम्हालाही एक काम देते. पुढच्या सिनेमाला जरूर जा. जमलं तर सगळ्या मिळून जा, गाडीभाडं वाटून घ्या. येताना एकमेकींना विचारा की आज नवीन काय कळलं, आणि कोणाची गोष्ट सांगायची राहिली? शिवा काशीदाच्या माईसारखी एखादी राहिली असेल, तर ती घरी जाऊन तुम्ही आपल्या लेकरांना सांगा.

बरं, पुढच्या वेळी भेटू. राम राम.