पंचावन्नाव्या वर्षी परीक्षार्थी
(सुवर्णमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



सेवानिवृत्तीस पाच वर्षे उरली असता आम्ही पुन्हा परीक्षेस बसलो, ही वार्ता गुम्मिडिपूंडीच्या मराठी घरांतून आमच्याआधीच फिरली. म्हणून कार्यवाहांनी आम्हांस तोच विषय दिला आहे. कचेरीतील संगणकप्रणालीचे काम ‘स्क्रम’ पद्धतीने सुरू झाले आणि हाताखालच्या तरुणांचे बोलणे आम्हांस उमगेना, एवढेच निमित्त.

शब्द रग्बीच्या खेळातला. १९८६ साली ताकेउची व नोनाका या जपानी अभ्यासकांनी, चेंडू एकमेकांस देत एकत्र पुढे सरकणाऱ्या खेळाडूंप्रमाणे काम करणाऱ्या गटांचे वर्णन केले. पुढे श्वेबर आणि सदरलँड यांनी या पद्धतीस चौकट दिली. त्यांच्या मार्गदर्शिकेची २०२० ची आवृत्ती पंधरा पानांचीही नाही. तेथेच आम्ही गाफील राहिलो. प्रश्न ८०, वेळ एक तास आणि उत्तीर्ण होण्यास ८५ टक्के, म्हणजे ६८ उत्तरे बरोबर हवीत. पस्तीस टक्क्यांवर निर्धास्त असणारी आमची पिढी!

चेन्नईच्या लोकलमध्ये पोन्नेरीपासून एन्नोरपर्यंत वाचन, परतताना उजळणी. रोजची सभा १५ मिनिटांची, ‘स्प्रिंट’ महिन्याहून मोठा नाही, सारे मुखोद्गत. तरी पहिल्या खेपेस ६१ वर अडलो. शुल्क पुन्हा भरावे लागले. विषयवार टक्के पाहून कन्या म्हणाली, “बाबा, पाठ सगळं आहे, पण उत्तरं तुम्ही साहेबांची देता.”

खरेच होते. कोणते काम कोणी करावे, असा प्रश्न आला की आमचे बोट वरिष्ठाकडे वळे. मार्गदर्शिका सांगते, काम करणाऱ्यांनीच ते आपसांत ठरवावे. स्क्रम मास्टरने हुकूम सोडू नयेत, अडथळे दूर होतील असे पाहावे. तीस वर्षे टिपणीवर ‘तातडीने कार्यवाही व्हावी’ असे लिहिणाऱ्या हातास हे वळण लागावे कसे?

एका सोमवारी त्या पंधरा मिनिटांच्या सभेत आम्ही मौन धरून बसलो. तेव्हा सर्वांत धाकटी सहकारी चाचरत बोलली, की तिचे काम तीन आठवडे एका मंजुरीवाचून खोळंबले आहे. ती फाईल आमच्याच मेजावर होती. आम्ही नेहमीप्रमाणे बोलत राहिलो असतो, तर तिने तोंड उघडले नसते. दुपारी सही केली.

दुसऱ्या खेपेस ७२ उत्तरे बरोबर आली. आमच्या उजळणीच्या वह्या कार्यवाहांकडे ठेवल्या आहेत. ज्यांना परीक्षेस बसावयाचे असेल त्यांनी खुशाल न्याव्यात. समासातील खाडाखोड मात्र आमची आहे, ती ग्राह्य धरू नये.