खाण आणि तिच्यावरची माती

मुंबईंत चौथ्या-पांचव्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थाच्या पायाखालच्या काँक्रीटमध्यें काळी खडी असते. ही खडी म्हणजे सह्याद्रीचा बसाल्ट. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर पसरून जो काळा पाषाण झाला, तो घाटाच्या पायथ्याशीं कोठेंहि हातीं लागतो; आणि मुंबईचा रस्ता व आगगाडी जवळ असल्यामुळें कर्जत व खालापूर तालुक्यांतील टेकड्याहि त्यासाठीं फोडल्या जातात. पुण्यास जातांना खिडकीशीं बसलेल्या श्रोत्यांनीं अशी एखादी अर्धी कापलेली टेकडी पाहिली असेल.

खाणवाल्याच्या हिशेबांत दगडाला किंमत असते. दगडावरचा मुरूम भरावाला जातो, त्यालाहि दर मिळतो. मुरुमावर वीतभर, फार तर हातभर जो मातीचा थर असतो, तो मात्र अडचण समजला जातो. यंत्राच्या एका फटक्यासरशीं तो कडेला लोटतात. तो मुरुमांत मिसळतो, पहिल्या पावसाबरोबर ओढ्यांत उतरतो, किंवा ट्रकांत भरून दुसऱ्याच कोणाच्या बागेंत जाऊन पडतो. दगड संपल्यावर त्या जागेचें काय व्हावयाचें, हें खरें म्हणजे त्याच दिवशीं ठरून गेलेलें असतें.

या मुलखांत मातीचें मोल शेतकऱ्याला शिकवावें लागत नाहीं. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ १२० इंच पाऊस येथें कोसळतो; उतारावर माती ठरत नाहीं. वरकस जमिनींत नाचणी-वरी पेरणारा ठाकर किंवा कातकरी दोन-चार वर्षांनीं ती जमीन पडीत टाकतो, ती याच कारणानें. भाताच्या रोपासाठीं शेण, टहाळ, पाचोळा पसरून राब भाजतात, तोहि त्या चिमूटभर जागेंत कस आणण्यासाठींच. असा वीतभर थर निसर्गाला तयार करावयास हजारों वर्षें लागतात. त्यांत गवताचें बीं असतें, गांडुळें असतात, झाडांच्या मुळांना स्फुरद पोंचविणारी सूक्ष्म बुरशी असते. मुरुमांत यांतलें कांहीं नसतें.

म्हणून माती काढावयाची ती आधीं, निराळी आणि कोरडी असतांना. होळीनंतर व मृगापूर्वीं. ओली माती यंत्राच्या चाकाखालीं विटेसारखी दबते. ढीग पुरुषभर उंचीपेक्षां फार वाढूं देऊं नये. उंच ढिगाच्या पोटांत हवा शिरत नाहीं, आणि वर्षभरांत आंतील जीवसृष्टि गुदमरून जाते. बाहेरून माती तीच दिसते, पण ती मेलेली असते. ढिगाभोंवतीं चर काढून त्यावर ताग किंवा गवत पेरावें. त्याहून उत्तम रीति ही कीं ढीग मुळीं करूंच नये: खाणीची एक बाजू संपली कीं नव्या बाजूची माती सरळ तेथें नेऊन पसरावी. पसरण्यापूर्वीं खाणीचा दबलेला तळ समपातळीच्या रेषेंत उकरावा लागतो; नाहीं तर माती दगडावर ठेवलेल्या सायीसारखी एका पावसांत सरकते.

ही माती गमावली तर काय पडतें, तें पाहावें. एक हेक्टर तळावर पंधरा सेंटिमीटर थर द्यावयाचा तर १,५०० घनमीटर माती लागते. ट्रकांत दहा घनमीटर धरले तरी दीडशें खेपा. ती आणावयाची कोठून? भातखाचरांतून आणली तर एक खड्डा झांकण्यासाठीं दुसरें शेत उघडें पडलें; ही दुरुस्ती नव्हे. तलावांचा व बंधाऱ्यांचा गाळ हा त्यापेक्षां बरा उपाय. महाराष्ट्रांत २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेनें असा गाळ शेतांत नेला जातो. परंतु नुसता गाळ उन्हांत भेगाळतो; त्यांत मुरुमाची बारीक भर व भरपूर शेणखत पाहिजे.

नागपूर जिल्ह्यांत गुमगांव येथील मँगनीजच्या खाणीच्या उजाड ढिगांवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें हेंच केलें. साखर कारखान्यांत रस गाळल्यावर उरणारा प्रेसमड मिसळला, मुळांवरची बुरशी व नत्र स्थिर करणारे जिवाणू घातले, आणि झाडें लावलीं. केनियांत मोंबासाजवळ बांबुरी येथें रेने हॅलर यांच्यापुढें तर मातीच नव्हती. होता तो सिमेंटसाठीं खोदलेला पांढरा दगड. १९७१ मध्यें त्यांनीं सुरूचीं झाडें लावलीं. झाडें जगलीं, पण सुरूचा पाचोळा कुजेना. तेव्हां त्यांनीं वाणी, ज्या किड्याला कोठें पैसा म्हणतात, तो आणून सोडला. वाण्यांनीं पाचोळा खाल्ला, आणि त्यांतून माती झाली. मात्र तेथें वर्षें किती गेलीं, हें विसरूं नये.

कायद्याची स्थिति विचित्र आहे. मोठ्या खनिजांच्या खाणींना १९८८ च्या नियमांनीं वरची माती वेगळी काढून सांभाळण्याचें बंधन घातलें. २०१७ च्या नियमांतहि तें आहे. दगड-मुरूम मात्र गौण खनिजें, त्यांचे नियम १९५७ च्या कायद्यानें राज्याकडे सोंपविलेले. २७ फेब्रुवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच हेक्टरांहून लहान अशा खाणींनाहि पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरविली. अशा लहान खाणींवर कागदांतली माती व ढिगांतली माती ताडून पाहण्यास कोणी तरी मृगापूर्वीं टेकडीवर चढावें लागतें.

माती पसरल्यावर पहिल्या पावसाळ्यांत झाडांची घाई करूं नये. उतारावर वाळ्याच्या आडव्या ओळी, मध्यें ताग, आणि सभोंवार गुरांना अडविणारें कुंपण. ऐन-किंजळीचीं रोपें दुसऱ्या वर्षीं, तागानें सांवली व खत दिल्यावर.