निघण्याआधी क्लिअरन्स

दुबई सोडून कॅनडाला निघालेल्या मित्रांसाठी दोन शब्द. फौजेत बदली झाली की आधी क्लिअरन्स, मगच ट्रंक उचलायची. तुम्हीही कर्ज, क्रेडिट कार्ड, वीज-पाण्याची बिलं चुकती करा. नाहीतर विमानतळावर अडकू शकता. ग्रॅच्युइटी तपासा : पहिली ५ वर्षं दरसाल २१ दिवसांचा मूळ पगार. कॅनडासाठी पोलीस दाखला तिथे असतानाच काढा.

मग उरतो माणसांचा हिशेब. वॉचमन, किराणावाला, शेजारी, सगळ्यांना भेटून निघा. आणि मुलांना घाई करू नका. आमची मुलं दर दोन-तीन वर्षांनी शाळा बदलत वाढली, म्हणून सांगतो. तुमच्यासाठी दुबई परदेश होता. तिथे जन्मलेल्या मुलांचं ते गावच आहे. त्यांना मित्रांचा नीट निरोप घेऊ द्या. जय हिंद.