मामा सगळ्यांचे साक्षीदार, मामांचं साक्षीदार कोण?

(चेना, मिरा-भाईंदर येथे मामांच्या दिवसकार्याला जमलेल्या बैठकीत वनहक्क समितीच्या एका बाईने केलेले भाषण)



मामांचं नाव घ्यायची गरज नाही. घोडबंदर रोडला चेन्यात उतरून "मामांचं घर कुठलं?" विचारलं तर लहान पोरही दाखवील. काजूपाड्यात लग्न असो की माशाच्या पाड्यात, नवरा आला का हे नंतर, आधी मामा आले का ते विचारायचे. मामा आले म्हणजे तारपा आला, आणि नाच उजाडेपर्यंत. तारपा फुंकताना त्यांचे गाल भोपळ्यासारखे फुगायचे. पोरं हसायची, मग मामा मुद्दाम अजून फुगवायचे.

पावसात करटोली घेऊन मिरा रोडला बाजारात बसायचे. बाई म्हणाली, महाग लावलीत, तर म्हणायचे, "बाई, वाघाची परवानगी काढून आणलीत, तिचे पैसे कुठं धरलेत?" बाई हसायची आणि पाव किलोच्या जागी अर्धा किलो न्यायची. कधी घेऊन यायचे, मग मामी दोन दिवस बोलायच्या नाहीत, हेही आपल्याला माहीत आहे. मेलेल्या माणसाला देव करायला नको. माणूस म्हणूनच ते आपल्याला आवडत होते.

पण मला आज दुसरं सांगायचंय. हसवणारा माणूस म्हणून आपण मामांना ओळखत होतो. आपल्या पाड्याचं दप्तर त्यांच्या डोक्यात आहे, हे आपल्याला उशिरा कळलं.

2006 चा वनहक्क कायदा आला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन आपल्या ताब्यात आहे, हे दाखवायचं होतं. आपल्याकडे कागद कुठले? दंडाच्या पावत्या होत्या, त्या कुणाच्या घरात भिजल्या, कुणाच्या वाळवीनं खाल्ल्या. मग 2008 चे नियम वाचले. तेराव्या नियमात पुरावे दिलेत. घर, बांध, विहीर, देवाची जागा, मसणवट. आणि म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब. यातले एकापेक्षा जास्त पुरावे लागतात.

जागा बघायला साहेब आले तो दिवस आठवा. बांधावर उभं राहून विचारलं, "हा बांध 2005 च्या आधीचा कशावरून?" आपण सगळे गप्प. मामा पुढं झाले. "साहेब, 26 जुलैच्या पुरात हा फुटला. मी बोकड वाचवायला धावलो. बोकड पोहून बाहेर गेलं, आणि मी कमरेपर्यंत चिखलात. सहा जणांनी दोर लावून मला ओढला. पाणी उतरल्यावर त्याच सहा जणांनी बांध परत घातला." सहाही नावं सांगितली. चार जण तिथंच उभे होते. मग म्हणाले, "बोकड अजून आहे, त्यालाही विचारा." साहेब हसले, पण लिहून घेतलं. 26 जुलै 2005 ही तारीख या भागात कुणी विसरेल का? आणि जुलैत फुटला म्हणजे बांध त्याच्या आधीचाच.

तेव्हा मला कळलं, मामांच्या प्रत्येक गमतीला एक साल असायचं. कुणाच्या बापानं आंबा लावला ते गिरणी संपाचं साल, म्हणजे 1982. 1997 ला हायकोर्टाचा आदेश आला, उद्यानातली घरं तोडणार म्हणून सगळे घाबरले, त्या साली कुणाच्या घराचा कूड नवीन केला, तेही त्यांना ठाऊक. सतरा घरांसाठी त्यांनी जबाब दिला. शेवटी म्हणाले, "अंगठा झिजला गं, आता तारप्याचं भोक कसं दाबू?"

आणि त्यांचा स्वतःचा दावा? अर्ज भरलेला आहे, जबाब जोडलेला नाही. दावेदाराचा स्वतःचा जबाब चालत नाही, दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लागतो. मी म्हटलं, मामा, तुमचं लिहून घेऊ. ते म्हणाले, "माझी काय घाई, मी कुठं पळून चाललोय?" आपण हसलो आणि उठलो. कागद माझ्याकडे होते. ही चूक माझी आहे, ती इथं सगळ्यांसमोर सांगते.

आता रडत बसायला वेळ नाही. हा हक्क वारसाला मिळतो. नवरा-बायको दोघांच्या नावावर पट्टा होतो, म्हणून मामींचा दावा उभा राहतो. दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही जागेवरून काढता येत नाही, हे कायद्याच्या कलम 4(5) मध्ये लिहिलंय. पण 2002 ला इथं महापालिका झाली, शहर पाड्याच्या दारात आलं. जमिनीवर कुणाकुणाचा डोळा आहे ते तुम्ही रोज बघता. कागद अर्धा ठेवून चालणार नाही.

येत्या रविवारी सकाळी गावदेवाजवळ बसू. दोर ओढणारे जे आहेत ते सगळे या. मामांच्या वयाचे जे आहेत त्यांना पोरांनी हात धरून आणा. मामांची भातखाचरं कुणी पाहिली, विहीर कुणी कुणी खणली, सगळं सांगा, मी लिहिते. नंतर वाचून दाखवीन, मग अंगठे.

बाकी पाड्यांनाही हेच सांगणं आहे. तुमच्याकडेही असा एखादा मामा, एखादी आजी असेल. त्यांच्या गमती ऐकायला बसाल तेव्हा वही घेऊन बसा.

आणि हो, बोकड मामींकडेच राहणार आहे. कुणी मागायचं नाही.

जोहार!